विश्लेषण : पेंटबॉलची ‘गन’ आणि खरी रायफल यांत फरक कसा ओळखायचा?

१८ ऑगस्ट २०२२. दहीहंडीच्या आदल्या दिवशी श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरजवळ एक बेवारस नौका आढळली. तिच्यात तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे होती. ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची ही ‘लेडी हान’ मस्कतहून युरोपकडे निघाली होती. इंजिन बिघडल्याने खलाशांना वाचवण्यात आले आणि नौका भरकटत इकडे आली, असे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात सांगितले. तरीही किनारा धास्तावला होता. १९९३ मध्ये याच तालुक्यातील शेखाडीला उतरवलेले आरडीएक्स मुंबईतील बॉम्बस्फोटांत वापरले गेले, हे इथे कोणी विसरलेले नाही. अशा किनाऱ्यावर रायफलीसारखी दिसणारी वस्तू हाती घेऊन रील बनवणे निव्वळ गंमत राहत नाही.

‘मार्कर’ म्हणजे काय?

पेंटबॉलच्या बंदुकीला खेळाडू ‘मार्कर’ म्हणतात, कारण तिचे मूळ काम खूण करणे हे होते. अमेरिकेत झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करण्यासाठी ती वापरत. तिचा पहिला खेळ १९८१ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये झाला. तिच्यात दारू नसते, दाबाखालची हवा किंवा कार्बन डायऑक्साइड असतो. पंप मार्करमध्ये प्रत्येक गोळीसाठी हाताने दट्ट्या ओढावा लागतो. मेकॅनिकलमध्ये वायूचा दाबच पुढची गोळी भरतो. इलेक्ट्रॉनिकमध्ये झडप बॅटरीवर उघडते.

रायफलीत काडतुसातील दारू जळून तयार झालेला वायू गोळी ढकलतो. खरा फरक ऊर्जेत आहे. सुमारे ३ ग्रॅमची जिलेटिनची पेंटबॉल सेकंदाला साधारण ९० मीटर वेगाने सुटते, म्हणजे ऊर्जा १२ ज्यूल. एके-४७ ची सुमारे ८ ग्रॅमची गोळी ७१५ मीटर वेगाने जाते. तिची ऊर्जा २००० ज्यूल, दीडशे पटींहून अधिक.

मग १२ ज्यूल निरुपद्रवी का? अजिबात नाही. अंगावर वळ उठतो, डोळ्यावर बसली तर दृष्टी जाऊ शकते. काच धुरकट झाली म्हणून मैदानातच मास्क वर करणारे हमखास भेटतात. आयोजकाने तिथेच खेळ थांबवायला हवा.

दिसण्यावरून ओळखता येते?

वर गोळ्यांचा डबा आणि मागे वायूची टाकी असेल तर बहुधा मार्कर. पण काही मार्करना रायफलीसारखे खालून मॅगझिन लागते आणि लांबून पोलिसही फसू शकतात. मार्करची नळी सुमारे १७ मिलिमीटर रुंद असते, एके-४७ ची आठपेक्षाही कमी. अर्थात, हे तपासायला नळीत डोकावू नये.

कायद्याच्या नजरेत स्वयंचलित रायफल हे प्रतिबंधित शस्त्र आहे. मार्कर दाखवून कोणाला लुटले, तर ‘खोटी होती’ म्हणून लूट माफ होत नाही. खेळाचे साहित्य मैदानाबाहेर न्यायचे असेल तर नळीला टोपण घालून, टाकी काढून, पिशवीत बंद करून न्यावे. आणि वाळूत किंवा जाळ्यात असे काही सापडले, तर हात न लावता ११२ किंवा सागरी पोलिसांच्या १०९३ क्रमांकावर कळवावे. खरे की खोटे, ते त्यांना ठरवू द्या.