पैशाला विटाळ लावू नका

आमच्या आज्याच्या काळी दुकानदार महाराच्या हातचे पाणी घेत नसे, पण पैसा घेत असे. नाणे उंबऱ्यावर ठेवायला लावायचा, वर पाणी शिंपडायचा आणि गल्ल्यात टाकायचा. एकदा गल्ल्यात पडले की कोणते नाणे कोणाचे, हे त्यालाही सांगता येत नसे. त्या विषमतावादी बाजारात तेवढी एकच वस्तू बिनजातीची होती.

आता चक्र उलटे फिरते आहे. मध्यंतरी पनवेलमधील भाजी विकणारी एक भगिनी आमच्याकडे आली. तिचे अख्खे खाते गोठवलेले. कारण काय, तर कोणा गिऱ्हाईकाने कोड स्कॅन करून दिलेले थोडे पैसे परराज्यातील सायबर फसवणुकीतून फिरत आलेले होते. भाजी दिली, पैसे घेतले, यात तिचा गुन्हा कोणता? तेच पैसे नोटेने आले असते तर कोणी तिच्या दारापर्यंत पोचले नसते.

कायदा याबाबत जुना आणि शहाणा आहे. टपालातून चोरलेली नोट एका सराईवाल्याने प्रामाणिकपणे मोबदला देऊन घेतली होती. १७५८ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी ती त्याचीच ठरवली. नाहीतर कोणी कोणाचा पैसा घेणारच नाही.

बिटकॉइनचे हेच दुखणे. २००९ पासूनचा प्रत्येक व्यवहार उघड्या वहीत आहे. नाणे कधी चोराच्या हातून गेलेले असेल तर एक्स्चेंज ते अडवू शकते. मग एक नाणे दुसऱ्याच्या बरोबरीचे राहत नाही. म्हणून देणारा-घेणारा झाकणारी मोनेरोसारखी नाणी निघाली. ती खंडणीखोरही वापरतात, हे आम्ही नाकारत नाही. समाजबांधवांनी कष्टाचा पैसा या सट्ट्यात घालावा, असेही आम्ही मुळीच म्हणत नाही. १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिणाऱ्या बाबासाहेबांना रुपयाचे मोल स्थिर हवे होते.

आमचा प्रश्न त्या वहीचा आहे. पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. १ डिसेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया मुंबईसह चार शहरांत प्रयोगादाखल सुरू झाला. भीमजयंतीला वर्गणी कोणी दिली, मोर्चाच्या ट्रकचे भाडे कोणी भरले, याची नोंद कोणाच्या हाती राहणार? पैसे देताना मोबाइलवर आडनाव उमटते, आणि आडनावावरून जात ओळखणारे या देशात कमी नाहीत.

वादातली रक्कम तेवढीच गोठवा, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. त्या भगिनीसाठी आम्ही तेवढेच मागतो आहोत. अर्ज परराज्यातील दंडाधिकाऱ्यांपुढे लावायचा आहे. तिथे जाण्यायेण्याचा खर्च वादातल्या रकमेहून जास्त आहे.