लोणारचा अभ्यास लोणारच्या मुलांकडून

जून २०२० मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. नमुने नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. पाणी आटून क्षार वाढले आणि अशा पाण्यात फोफावणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे रंग आला, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतरच्या वर्षांत उलटेच घडले. पाणी चढत कमळजा देवीच्या मंदिराला भिडले. ते कुठून आणि किती येते, त्यामुळे सरोवराचा खारेपणा किती उतरला, हे प्रश्न नववीच्या मुलांच्या आवाक्यातले आहेत. मोजपट्टी, पीएच कागद, वही आणि सोबत एक जाणकार माणूस, एवढ्यावर सुरुवात होते.

जाणकारांसोबत मुलांनी संशोधन करणे शक्य आहे, हे पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेने करून दाखवले आहे. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या या संस्थेत उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळकरी मुलांच्या तुकड्या आठवडाभर येऊ लागल्या. ठरीव अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. शास्त्रज्ञासोबत बसून एक प्रकल्प करायचा. पण ती संधी पुण्यातल्या शाळांची. इस्रोने २०१९ मध्ये नववीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘युविका’ हा उपक्रम सुरू केला. खर्च इस्रोचा, ग्रामीण शाळांना निवडीत अधिक गुण. उपक्रम उत्तम आहे, पण देशभरातून काहीशेच मुले निवडली जातात आणि प्रदर्शने, ऑलिंपियाड यांनाही गुण असतात. बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर किंवा मोताळ्याच्या खेड्यात त्याची तयारी करून घेणारे कोण? लाखांत फी घेणारे खासगी ‘संशोधन वर्ग’ तर खेड्यातल्या घरांसाठी नाहीतच.

म्हणून बुलडाणा जिल्ह्याने स्वतःचे शिबिर सुरू करावे. बेसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर चंद्र आणि मंगळावरील विवरे समजून घेण्यासाठी जगभरचे अभ्यासक पाहतात. ते आपल्या मुलांपासून एसटीच्या अंतरावर आहे. नोव्हेंबर २०२० पासून ते रामसर पाणथळ स्थळही आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांतील वीस मुले, पाच दिवस, फी शून्य. निवड टक्केवारीवर नको; प्रत्येकाने आपल्या गावाच्या पाण्या-मातीविषयी एक प्रश्न लिहून पाठवावा आणि त्यावरून निवड व्हावी. मार्गदर्शनाला शेगाव, खामगाव, चिखलीच्या महाविद्यालयांतील प्राध्यापक आणि लोणार अभयारण्यात उतरायला वन विभागाची परवानगी लागेल. मे महिन्यातल्या उन्हात मुलांना विवरात उतरवणे धोक्याचे. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात तेही उन्हामुळेच. तेव्हा दिवाळीची सुट्टी घ्यावी. पावसाळा सरलेला असतो आणि वाढलेली पाणीपातळी ताजी मोजता येते.

एक अट मात्र पाळावी. एका तुकडीच्या नोंदवह्या पुढच्या तुकडीच्या हाती द्याव्यात. दहा वर्षे हे चालले, तर पाणीपातळी, खारेपणा आणि पक्ष्यांची सलग नोंद जिल्ह्याजवळ असेल. उद्या पाण्याचा रंग पुन्हा बदललाच, तर संशोधकांना ती उपयोगी पडेल.

जिल्हा वार्षिक योजनेत नाविन्यपूर्ण योजनांसाठी निधीची तरतूद असते. पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी यांनी जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत हा विषय ठेवावा आणि पहिली तुकडी याच दिवाळीत लोणारला न्यावी.