शिक्षा एकत्र की एकामागून एक?



खटल्याचा निकाल लागला की मला पहिला प्रश्न येतो तो गणिताचा. "छळाबद्दल तीन वर्षं, आत्महत्येला प्रवृत्त केल्याबद्दल सात. म्हणजे ताई, दहा ना?" बहुतेक वेळा मला सांगावं लागतं की दहा नव्हेत, सातच. कारण निकालपत्राच्या शेवटी एक ओळ असते : सर्व शिक्षा एकत्र भोगायच्या आहेत.

छळ हा स्वतंत्र गुन्हा आहे हे 1983 साली 498-अ कलमानं मान्य केलं. त्यासाठी आपण रस्त्यावर उतरलो होतो. त्या एका ओळीनं मात्र वर्षानुवर्षांचा छळ शेवटच्या दिवसाच्या गुन्ह्यात विरघळून जातो. कागदावर शिक्षा दोन, भोगायची एकच.

कायदा काय म्हणतो? जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 31 नुसार, कोर्टानं 'एकत्र' असं म्हटलं नाही तर शिक्षा एकामागून एक भोगायच्या. 2014 साली केरळमधल्या, 498-अ आणि 306 कलमांच्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की एकामागून एक हा नियम आणि एकत्र हा अपवाद, असं मानायचं कारण नाही. गुन्ह्याचं स्वरूप आणि परिस्थिती पाहून कोर्टानं ठरवावं. 2016 साली घटनापीठानं स्पष्ट केलं की दोन जन्मठेपा एकामागून एक देता येणार नाहीत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 25 सांगतं की गुन्ह्यांचं गांभीर्य पाहून कोर्टानं यातला एक आदेश द्यायचाच आहे. एकामागून एक शिक्षांच्या बेरजेची 14 वर्षांची मर्यादाही आता 20 झाली आहे.

मग आपण सरसकट 'एकामागून एक'ची मागणी करायची का? मला ते पटत नाही. तुरुंगात बायाही आहेत, आणि गरिबाची शिक्षा आधीच लांबते. दंड भरला नाही तर होणारी कैद मूळ शिक्षेच्या वर भोगावी लागते. अशा कैदा एकत्र भोगायची सवलत देता येणार नाही, असं महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात 2018 साली सुप्रीम कोर्टानं म्हटलं. ज्याच्याकडे पैसा आहे तो दंड भरून सुटतो, जिच्याकडे नाही ती आत राहते.

माझी मागणी आहे ती कारणांची. शिक्षा एकत्र का, हे न्यायाधीशांनी लिहावं. छळाची वर्षं मोजली की नाही, तेही लिहावं.

हे मागायची वेळ एकच : दोषी ठरवल्यानंतर शिक्षेवर होणारी सुनावणी. तो दिवस आपण बहुधा 'जिंकलो' म्हणून सोडून देतो. शिक्षा कमी झाली म्हणून पीडितेला स्वतः अपील करता येत नाही, हे 2020 साली सुप्रीम कोर्टानं पुन्हा सांगितलं. ते अपील सरकारनं करायचं असतं. म्हणून त्या दिवशी सरकारी वकिलांच्या हाती लेखी टिपण द्या : छळ किती वर्षं चालला, पोलिसांत आधी किती वेळा गेलो, दवाखान्याचे कोणते कागद पुराव्यात आहेत. कोर्टाच्या परवानगीनं आपला वकीलही सरकारी वकिलांना साहाय्य करू शकतो.

आपापल्या गटाकडची निकालपत्रं काढा, शेवटचं पान वाचा. 'एकत्र' या शब्दापुढे कारण दिलेलं आहे का, ते आम्हांला कळवा. पुढच्या अंकात ते सगळं एकत्र मांडू, आणि मग ते घेऊन विधी खात्याकडे जाऊ.