रोवणीच्या दिवसांतील कोरड्यास

वैनगंगा मार्कंड्याजवळ आपली दक्षिणेची वाट सोडून काही अंतर उत्तरेकडे वळते. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते आणि चामोर्शी तालुक्यातील, तसेच नदीपलीकडील चंद्रपूर जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबे दर्शनास येतात. या सुमारास धानाची मळणी आटोपलेली असते, हरभरा व लाखोरी घरात येऊ लागलेली असते, परसात वांगी, सांबार व मिरची असते. अशा भरल्या दिवसांत आषाढातील जेवणाची चिंता कोणास सुचणार? तथापि प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, ज्या घरी यात्रेपर्यंत आषाढातील कोरड्यासाची निम्मी तरतूद झालेली नाही, त्या घरची रोवणी मीठ-मिरची आणि भातावरच व्हावयाची.

आपल्या झाडीपट्टीत रोवणी म्हणजे काय कष्ट असतात, हे येथील वाचकांस सांगावयास नको. पहाटे पऱ्हे उपटावयाचे, दिवसभर बांधीतील चिखलात वाकून ते रोवावयाचे, आणि सायंकाळी घरी येऊन ओल्या सरपणावर चूल पेटवावयाची. हे बहुतांशी स्त्रियांचे काम आहे. नेमक्या याच आठवड्यांत परसबाग पावसाने झोडपलेली असते, आठवडी बाजारात भाजी थोडी व महाग असते, आणि नदीनाले चढले की अनेक गावांची वाट बंद होते. भामरागडकडे पर्लकोटा नदीच्या पुराने दर पावसाळ्यात रस्ता तुटतो, हे सर्वांस ठाऊक आहे. वर्षातील सर्वांत जड श्रम आणि वर्षातील सर्वांत रिकामी परडी यांची गाठ अशी एकाच महिन्यात पडते. सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रातील धानाच्या वाणांवर आपण विस्ताराने लिहितो, रोपांतील अंतर वितीने मोजून दाखवितो. परंतु ते रोप लावणारी बाई दुपारी बांधावर बसून काय जेवते, याविषयी आपल्या पत्रिकांत फारसे लिहिले जात नाही. हा दोष लेखक स्वतःकडेही घेतो.

यावर एक आक्षेप येतो व तो रास्त आहे. पावसाळ्यात जंगल उपाशी ठेवीत नाही. तरोटा उगवतो, कुरडू मिळतो, पुढे वास्ते निघतात, सात्या उगवतात. मग वाळवणाची उठाठेव कशाला? उत्तर इतकेच की, रानभाजी फुकट मिळत असली तरी तिला वेळ लागतो. ती शोधावयाची, खुडावयाची, निवडावयाची. वास्त्यांचा कडवटपणा व त्यांतील विषारी अंश घालविण्यासाठी ते उकळून पाणी फेकावयाचे. जी बाई सूर्योदयापासून चिखलात उभी आहे तिच्याजवळ हा वेळ नाही. मडक्यात हात घालून मूठभर वाळला पाला काढला आणि अर्ध्या तासात कोरड्यास झाले, ही सोय रानभाजी देऊ शकत नाही. रोवणी उरकल्यावर रानभाजी अवश्य खावी.

वाळवण कोणते करावे? आपल्याकडे हे ज्ञान नवे नाही. कार्तिकात अंबाडीचा पाला, पौषात हरभऱ्याचे शेंडे, थंडीच्या कोरड्या उन्हात कोहळ्याचा कीस व उडदाची डाळ यांच्या वड्या, फाल्गुन-चैत्रात चिंच, वैशाखात कैरीच्या फोडी, असे हे वर्षाचे चक्र जुन्या पिढीस पाठ होते. हरभऱ्याचे तर दुहेरी साधते. पेरणीनंतर सुमारे महिन्या-सव्वामहिन्याने शेंडे खुडल्यास झाडास फांद्या अधिक फुटतात. तेव्हा खुडलेला शेंडा हा पिकास लाभ आणि घरास भाजी. मात्र ज्या पिकावर नुकतेच कीटकनाशक फवारले असेल, त्याचा पाला वाळवणासाठी मुळीच घेऊ नये. वाळल्याने विष जात नाही.

पाला वाळविण्याच्या रीतीत मात्र आपले फार चुकते. लेखकाच्या घरी एके वर्षी मुंगण्याचा पाला टिनाच्या छपरावर भर उन्हात पसरला. दुसऱ्या दिवशी तो कडकडीत वाळला, परंतु रंग गवतासारखा पिवळा पडला, आणि त्याची भाजी मुलांनी ताटातच ठेवली. मुलांचे चुकले नव्हते. हिरव्या पाल्यात ज्या द्रव्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनविते, ते द्रव्य प्रखर उन्हात नष्ट होत जाते, आणि रंगाबरोबर चवही जाते. म्हणून पाला नेहमी सावलीत, वारा खेळेल अशा पडवीत, स्वच्छ कापडावर किंवा सुपात पातळ पसरून वाळवावा व दिवसातून दोनदा हलवावा. जाड पानांची भाजी आधी उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटे बुडवून काढली तर तिचा रंग अधिक टिकतो. मुंगण्याच्या कोवळ्या पाल्यास याची गरज नाही. बोटांत चुरला असता पाला कुरकुरला पाहिजे. वाकला तर तो अजून ओला आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वाळवणात ‘क’ जीवनसत्त्व बहुतेक उरत नाही. लोह, चुना व प्रथिने मात्र राहतात, किंबहुना वजनाच्या मानाने वाढतात, कारण हिरव्या पाल्यात शंभरात ८५ ते ९० भाग पाणीच असते. तेव्हा वाळल्या भाजीच्या जेवणात लिंबाची फोड पिळावी. त्यायोगे भाजीतील लोहही अंगी अधिक लागते. जेवणावर लगेच चहा घेण्याची जी नवी सवय बांधावरही पोहोचली आहे, ती याच्या नेमकी उलट काम करते.

किती साठवावे, याचा हिशोब सोपा आहे. पाच माणसांच्या घरी एका वेळेस साधारण ६० ग्रॅम वाळला पाला पुरतो. आठवड्यातून चार वेळा धरल्यास चार आठवड्यांस सुमारे एक किलो, म्हणजे ताजा पाला आठ ते दहा किलो. हे काही मोठे ओझे नव्हे. अंबाडीचा पाला कोमट पाण्यात भिजवून तांदळाच्या कण्या व मूठभर तुरीच्या डाळीबरोबर शिजवावा आणि वरून लसूण व वाळल्या मिरचीची फोडणी द्यावी. भाताबरोबर हे पोटभरीचे जेवण होते. हरभऱ्याचा पाला हाताने चुरून उकळत्या पाण्यात सोडावा व थोडे बेसन लावून घट्ट करावा. वड्या आधी थोड्या तेलात तांबूस परतून मग रश्शात घालाव्यात, अन्यथा त्या विरघळून जातात. बाजारातील तयार मसाल्याची पुडी रंग व तिखटपणा देईल, पण पाल्याची व डाळीची जागा ती घेऊ शकत नाही.

आता विक्रीचा प्रश्न. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य झाला, आणि धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाल्यापासून गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा आपला माल स्वतः विकू लागल्या, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु घरोघरी असे घडते की, चैत्रात सर्व चिंच, सर्व चारोळी, सर्व मोहफुले व्यापाऱ्याच्या काट्यावर जातात आणि आषाढात तीच चिंच दुकानातून पावशेर-पावशेर चढ्या भावाने विकत आणावी लागते. लेखकाचा आग्रह आहे की, काट्यावर पोते चढण्यापूर्वी घरचे मडके भरावे. चिंच बिया काढून, मीठ लावून ठेवावी. मोहफुले भाजून तिळाबरोबर कुटली तर रोवणीच्या शिदोरीस लाडू होतात. पुरुषमंडळींनी हा वाटा काढण्याचा अधिकार घरातील स्त्रीकडे द्यावा, कारण आषाढात चुलीपुढे तीच बसणार आहे.

मिरचीविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबे हिवाळा सरताना तेलंगणात मिरची तोडावयास जातात व परतताना वर्षाची मिरची बरोबर आणतात. ही मिरची घाईने भरलेली, कित्येकदा आतून ओलसर असते. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात लेखकानेच अशी मिरची घरी आणताच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी, असे सांगितले होते; पावसाळ्यात त्या पिशव्या उघडल्या तेव्हा देठाशी बुरशी होती. या बुरशीपैकी एक जात यकृतास अपाय करणारे विष निर्माण करते, आणि ते विष फोडणीच्या उष्णतेने जात नाही. तेव्हा पोते आणल्याबरोबर सोडावे, मिरची शेणाच्या ओल्या सारवणावर न टाकता ताडपत्रीवर पसरावी, काळी पडलेली किंवा बुरशी आलेली वेचून फेकावी, आणि पुरती थंड झाल्यावरच झाकणाच्या डब्यात भरावी. भरण्यापूर्वी एकदोन मिरच्या कानाशी धरून हलवून पाहाव्यात; बी आत खुळखुळले नाही, तर आणखी दोन दिवस ऊन द्यावे.