गाडी पाठवतो, सर!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी सहाच्या सुमाराला एका वृत्तवाहिनीतून फोन आला. पलीकडे पंचविशीतला पोरगा, भयंकर घाईत. "सर, आठ वाजता अलमट्टीवर चर्चा आहे. तुम्ही भूगोलाचे ना? गाडी पाठवतो, सर."

नेमकं कशावर बोलायचंय, विचारलं. म्हणाला, "पुराला अलमट्टी जबाबदार आहे की नाही, एवढंच. होय की नाही. दोन पक्षांचे प्रवक्ते आहेत, तुम्ही तज्ज्ञ."

मी त्याला सांगितलं, बाबा रे, मी भूगोल शिकवतो हे खरं, पण माझं काम वस्त्या आणि स्थलांतरावर आहे. धरणाचा फुगवटा हा माझा विषय नाही. आमच्या ओळखीत एक जण आहे, शिरोळ तालुक्यात गावोगाव फिरून भिंतींवरच्या पुराच्या खुणा मोजल्यात त्यानं. त्याचा नंबर देतो.

"ते कुठं हेड आहेत, सर?"

"हेड नाही. तासिका तत्त्वावर शिकवतो."

दोन सेकंद शांतता. मग तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, मग नावाखाली पट्टीवर काय लिहायचं?"

आठ वाजता टीव्ही लावला. खुर्चीत राज्यशास्त्राचे एक प्राध्यापक बसले होते. धरणाच्या पाणीपातळीवर बोलत होते. पट्टीवर लिहिलं होतं, 'ज्येष्ठ विश्लेषक'.

हसू नका. २०१९ साली त्या खुर्चीत मी होतो.

ऑगस्ट २०१९ आठवतोय ना? पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. हायवे बंद, कोल्हापूर तुटलेलं, सांगली पाण्यात, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेलेली. अशा वेळी फोन आला आणि मी गेलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं. वीस वर्षं वर्गात मागच्या बाकावरची पोरं ऐकत नाहीत, इथं अख्खा महाराष्ट्र ऐकणार!

अँकरनं विचारलं, "सर, वेळ कमी आहे, एका वाक्यात सांगा, हा पूर अलमट्टीमुळेच ना?" मी म्हणालो, "अलमट्टीचा वाटा नाकारता येणार नाही." वाक्य बघा कसं बेतलंय. चूक म्हणून कुणी पकडू शकत नाही, आणि अर्थ तर काहीच नाही. मी वाक्य संपवेपर्यंत खाली पट्टी आली होती : 'पूर अलमट्टीमुळेच, तज्ज्ञांचा दावा'. ती पट्टी मला समोरच्या मॉनिटरवर दिसत होती. मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली. पंधरा दिवसांनी एका गावात शाल-श्रीफळ मिळालं. तेही घेतलं.

पुढच्या वर्षी एक जुना विद्यार्थी भेटला. नदीकडेला प्लॉट घेतला होता, बांधकाम सुरू. मी विचारलं, अरे, तिथं पाणी येतं ना? तो म्हणाला, "म्हणून तर स्वस्तात मिळाला, सर. पण पूर काय, कर्नाटकच्या धरणामुळं येतो. ते दोन सरकारं बघून घेतील. तुम्हीच तर टीव्हीवर सांगितलं." त्या क्षणी सांगायला हवं होतं की बाबा, मी असं काही सांगितलेलं नाही, आणि जे सांगितलं तेही अभ्यास करून सांगितलेलं नाही. नाही सांगितलं. चहा घेतला, घरी आलो.

जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला. त्याच्या घरात खिडकीच्या वर पाणी. फोन केला त्यानं. दोष नाही दिला, एवढंच विचारलं, "सर, या वेळी पण अलमट्टीच का?"

तेव्हापासून हा विषय माझ्या घशात अडकलाय. आज ओकून टाकतो.

त्या आठ मिनिटांत काय सांगता आलं असतं? बरंच काही. पाणलोटात मोजक्या दिवसांत किती पाऊस पडला. कोयना, वारणा, राधानगरीतून विसर्ग कधी आणि किती सुटला. कोयना कराडला कृष्णेला मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपूरला, पंचगंगा नृसिंहवाडीला. कृष्णाच भरून वाहत असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. मग निळी रेषा आणि लाल रेषा : सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतल्या पुराची ती लाल. त्या रेषांच्या आत आपण किती बांधकामं होऊ दिली. आणि मग अलमट्टी. फुगवटा कुठवर पोचतो याचं उत्तर पातळ्या आणि तारखा समोर ठेवूनच देता येतं. २०२० साली वडनेरे समितीचा अहवाल आला. त्यात अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं, अलमट्टीला पुराचं मुख्य कारण मानलं नाही. पूरपट्ट्यातल्या अनेकांना तो निष्कर्ष मान्य नाही आणि त्यांचे मुद्देही ऐकण्यासारखे आहेत. पण भांडायचं असेल तर विसर्गाच्या आकड्यांवर भांडा. 'होय की नाही' हा पुराचा प्रश्नच नाही, तो कार्यक्रमाचा प्रश्न आहे.

आता तुम्ही म्हणाल, सर, दोष वाहिन्यांचा आहे, टीआरपीचा आहे. आहेच. पण वाहिन्यांना शिव्या घालणं सोपं आहे आणि ते काम आपण सगळे रोज करतो. माझं भांडण आज माझ्याच जातभाईंशी आहे, म्हणजे प्राध्यापकांशी. अँकरला आठ वाजता खुर्ची भरायची असते. त्या खुर्चीत कोण बसतं आणि कोण बसत नाही, हे बऱ्याच अंशी आपण ठरवलेलं आहे.

बसतात कोण? जे कायम 'उपलब्ध' असतात. सोमवारी निवडणूक, मंगळवारी अर्थसंकल्प, बुधवारी पाकिस्तान, गुरुवारी पूर. २०२४ आठवा. जूनमध्ये लोकसभेला महाविकास आघाडीनं ४८ पैकी ३० जागा घेतल्या, तेव्हा हे लोक जनतेचा कौल कसा अटळ होता हे समजावत होते. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला महायुती २८८ पैकी २३० च्या घरात गेली, तेव्हा तेच लोक तोही कौल कसा अटळ होता हे समजावत होते. मधल्या काळात 'माझा अंदाज चुकला, कारण अमुक' असं म्हणणारा मी तरी पडद्यावर बघितला नाही. वर्गात विद्यार्थ्यानं असं केलं तर आपण पेपरावर लाल रेघ ओढतो.

आणि बसत नाहीत कोण? एक म्हणजे सोवळेवाले. "आम्ही बुवा मीडियात जात नाही." स्टाफरूममध्ये बसून टीव्हीवरच्या सहकाऱ्याची टर उडवणार, चहा पिणार, निघून जाणार. यांना माहिती असते, चूक कुठं आहे तेही कळतं, पण सांगणार नाहीत. पगार लोकांच्या पैशातून, ज्ञान मात्र स्वतःच्या कपाटात. अध्यापन, संशोधन आणि विस्तार अशी विद्यापीठाची तीन कामं आपण नॅकच्या अहवालात घोकून लिहितो. तो विस्तार म्हणजे काय फक्त वृक्षारोपणाचे फोटो?

दुसरे म्हणजे घाबरलेले. त्यांना मी नावं ठेवणार नाही, कारण भीती खोटी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सीएसडीएसचे संजय कुमार यांनी रामटेक आणि देवळालीच्या मतदारसंख्येचे चुकीचे आकडे समाजमाध्यमावर टाकले. चूक साधी नव्हती, मतदार यादीवर राज्यात वाद पेटलेला असताना केलेली होती, टीका व्हायलाच हवी होती. पण त्यांनी पोस्ट काढली आणि जाहीर माफी मागितली. पुढं काय झालं? महाराष्ट्रात गुन्हे दाखल झाले. सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली तेव्हा कारवाई थांबली. यातून प्राध्यापक मंडळी काय शिकली असतील? 'आकडे तपासून घ्या' हे नव्हे. 'चूक कबूल करू नका', आणि त्याहून सोपं, 'आकड्यांच्या वाटेलाच जाऊ नका'. बिनआकड्याचं बोलणाऱ्यावर कुणी गुन्हा दाखल करत नाही. त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावतात.

विद्यापीठं पाठीशी उभी राहतील म्हणावं, तर २०२३ चं अशोका विद्यापीठ आठवा. सब्यसाची दास यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीवर शोधनिबंध लिहिला. गदारोळ झाल्यावर विद्यापीठानं अंग काढून घेतलं आणि दास यांनी राजीनामा दिला. निबंध बरोबर होता की चूक, हा वाद संशोधकांनी घालायचा होता. तो घालायच्या आधीच माणूस बाहेर.

आपल्याकडे एवढं मोठं काही घडावं लागत नाही. "बोलायच्या आधी परवानगी घेतली होती का?" हे प्राचार्यांच्या केबिनमधलं एक वाक्य पुरतं. तासिका तत्त्वावरच्या माणसाला तर तेही लागत नाही. तासावर पैसे, सुट्टीचे पैसे नाहीत, दर वर्षी नवी ऑर्डर. त्यानं टीव्हीवर निळ्या रेषेतल्या बांधकामांबद्दल बोलायचं आणि त्यातलं एखादं बांधकाम संस्थेच्याच कुणा पदाधिकाऱ्याच्या पाहुण्याचं निघायचं! कोण बोलेल?

बोलण्यात फायदा तरी काय? यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधनाच्या गुणांचा तक्ता आहे. शोधनिबंधाला गुण, पुस्तकाला गुण, पेटंटला गुण. गावातल्या माणसाला पूररेषा समजेल असा मराठी लेख वर्तमानपत्रात लिहिला, तर त्या तक्त्यात त्याला रकाना नाही. मग जाणकार माणूस चार जण वाचतील असा इंग्रजी निबंध लिहितो, आणि चार लाख बघतात तिथं माझ्यासारखा जाऊन बसतो.

हे असंच असावं लागतं का? नाही. जयंत नारळीकरांचं उदाहरण घ्या. 'ज्योतिष थोतांड आहे' एवढं एक वाक्य त्यांनी कॅमेऱ्यासमोर टाकलं असतं तरी चाललं असतं, एवढं वजन होतं त्यांचं. पण त्यांनी २००८ साली चाचणी घेतली. बरोबर नरेंद्र दाभोलकर, फलज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे आणि पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या पत्रिका जमवल्या. भाग घेणाऱ्या ज्योतिषांना त्यातल्या चाळीस-चाळीस दिल्या आणि सांगितलं, ओळखा कुठली कोणाची. निकाल छापा-काटा करण्यापेक्षा बरा लागला नाही. सगळं रीतसर छापलं. माझ्या मते यातली सगळ्यात मोठी गोष्ट निकाल नव्हे. जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ संख्याशास्त्रज्ञाकडे गेला, ही आहे. कारण चाचणी बेतणं हा ज्याचा विषय, त्याला विचारायचं. आपली हद्द कुठं संपते हे ज्याला कळतं तो तज्ज्ञ. बाकी सगळे पाहुणे कलाकार.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे.

विद्यापीठांनी यादी लावावी, कुणी कशावर काम केलंय याची. पदाची नव्हे, कामाची. त्यात तासिका तत्त्वावरचे आणि पीएचडी करणारेही हवेत. आणि आपल्या विषयावर पुराव्यानिशी बोलणाऱ्याला परवानगीचा कागद मागू नये.

वाहिन्यांनी पट्टीवर 'ज्येष्ठ विश्लेषक' लिहिणं बंद करावं. या माणसानं या विषयावर काय केलंय ते लिहा. लिहिण्यासारखं काही सापडलं नाही तर उत्तर तिथंच मिळालं.

आणि प्राध्यापक मित्रहो, आपण एक वाक्य पाठ करू या : "हा माझा विषय नाही." लहान आहे, जमेल. विषय आपला असेल तर मात्र जायचं, आणि खाली चुकीची पट्टी आली तर तिथल्या तिथं, चालू कार्यक्रमात, बोट दाखवून सांगायचं की मी असं म्हटलेलं नाही. पुन्हा बोलावणार नाहीत? नाही तर नाही. शालीवाचून कुणी मेलेलं नाही.

विद्यार्थ्याला मी मागच्या महिन्यात भेटून आलो. सगळं सांगितलं, पट्टीसकट. तो म्हणाला, "सर, हे तेव्हाच सांगितलं असतं तर प्लॉट घेतला नसता." घर आता विकायला काढलंय, गिऱ्हाईक नाही. आलंच तर त्याला तो काय सांगेल, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

भिंतींवरच्या खुणा मोजणाऱ्या आमच्या मित्राची या वर्षीची ऑर्डर अजून निघालेली नाही. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा चर्चा होईल, पुन्हा आठ वाजतील. गाडी पाठवायचीच असेल तर त्याच्याकडे पाठवा. पट्टीवर काय लिहायचं तेही सांगून ठेवतो : 'यांनी मोजलंय.'

(पटलं तर पुढं पाठवा. फक्त माझं एखादं वाक्य कापून त्याची पट्टी करू नका.)