काठावरचा निकाल आणि शेजारी



‘अमेरिकेत कोणीही निवडून येवो, शेजाऱ्यांना फरक पडत नाही, निसटत्या मतांनी जिंकलेला अध्यक्ष तर जपूनच वागतो,’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे मला मुळीच पटले नाही.

२०१६ साली मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनियातील मिळून सुमारे ७८ हजार मतांनी ट्रम्प अध्यक्ष झाले. देशभरातली एकूण मते हिलरी क्लिंटन यांनाच जास्त होती. म्हणून ट्रम्प जपून वागले का? ‘नाफ्टा’ हा तिन्ही देशांतला मुक्त व्यापार करार मोडीत काढण्याची धमकी देऊन त्यांनी कॅनडा-मेक्सिकोला पुन्हा वाटाघाटींना बसवले. २०१८ मध्ये दोघांच्याही पोलादावर २५ टक्के आयातशुल्क लावले, तेही राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन! २०१९ पासून आश्रय मागणाऱ्यांना सुनावणी होईपर्यंत मेक्सिकोतच थांबवले. तिहुआना, हुआरेझ या तिथल्या सीमेवरच्या शहरांत लेकराबाळांसह ताटकळलेल्या त्या माणसांना ‘फरक पडत नाही’ असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

त्यांच्यानंतर आलेल्या बायडेन यांनी तर पदग्रहणाच्या दिवशीच कॅनडातून येणाऱ्या ‘कीस्टोन एक्सएल’ तेलवाहिनीची परवानगी रद्द केली आणि तिथल्या अल्बर्टा प्रांताच्या सरकारचा त्यात गुंतलेला पैसा बुडाला. 

क्यूबा या शेजाऱ्याचा तर त्या पत्रात उल्लेखही नाही. २००० साली फ्लोरिडाचा, म्हणजेच अध्यक्षपदाचा, निकाल अवघ्या ५३७ मतांनी लागला. अशा चुरशीमुळेच दोन्ही पक्ष मियामीतल्या क्यूबन निर्वासित मतदारांना दुखवायला वर्षानुवर्षे कचरत आले. क्यूबावरची १९६२ पासूनची व्यापारबंदी अजून उठलेली नाही, त्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

– एक वाचक, नाशिक