साथीची तयारी आंजीत, गौळमध्ये

१९१८च्या जूनमध्ये मुंबई बंदरात शिरलेला इन्फ्लुएन्झा आगगाडीने देशभर फिरला. वर्धा तर मुंबई-नागपूर मार्गावरचे जंक्शन. पावसाळ्यानंतर दुसरी, जीवघेणी लाट आली तेव्हा पिके बुडाली होती आणि धान्य महागले होते. ज्या प्रांतांत सर्वाधिक माणसे दगावली, त्यांत मध्य प्रांत व वऱ्हाड होते. ताप सगळीकडे एकच. पण उपाशी घरांना तो झेपला नाही.

पुढच्या साथीच्या तयारीसाठी जिनिव्हात २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार स्वीकारला; आदल्या दिवशी सभेच्या समितीत तो १२४ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला होता. त्या मतदानात ११ देश तटस्थ राहिले. रोगजंतूंचे नमुने कोणी द्यायचे आणि त्यांच्यापासून बनलेल्या लसीत कोणाचा किती वाटा, हे भांडण परिशिष्टावर ढकलले गेले. भांडण रास्तच आहे, २०२१ची लसटंचाई अजून कोणी विसरलेले नाही. पण लस ज्या दंडात टोचायची, त्या दंडावर मांस आहे का?

हा प्रश्न भाबडा नाही. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा धान्य-डाळीचा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष आले.

पोषणाचे हे धडे वर्ध्याने परदेशी पैशातूनही गिरवले आहेत. २००३ ते २००८ या काळात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने ‘क्लिक्स’ हा बालजीवन प्रकल्प चालवला. पैसा अमेरिकेच्या यूएसएडचा, सोबत आगाखान फाउंडेशन. आंजी, गौळ आणि तळेगाव या प्राथमिक आरोग्य केंद्रांखालची ६७ गावे त्यात होती. संस्थेने गावांवर योजना लादली नाही; गावोगावी समन्वय समित्या उभ्या केल्या, किशोरी पंचायती भरवल्या, गावातल्याच बाईला ‘क्लिक्स दूत’ केले आणि मुदत संपताना कारभार गावाच्या हाती देण्याची तयारी आधीपासून ठेवली. अर्थात या मातीला ते नवे नव्हते. डॉ. उल्हास जाजूंच्या आरोग्य विमा योजनेत शेतकरी हंगामानंतर ज्वारी देऊन वर्षाची वर्गणी भरत, ती याच सेवाग्रामच्या परिसरात.

१ जुलै २०२५ रोजी यूएसएडच बंद झाली. परक्या तिजोरीवर विसंबून कुपोषणाशी लढता येत नाही, हे वॉशिंग्टननेच दाखवून दिले. म्हणून सहकार्य नको, असा अर्थ काढणे मात्र आततायीपणाचे होईल. ‘क्लिक्स’मध्ये बाहेरून आला तो पैसा, गाव जोडून घेणारे हात सेवाग्रामचे होते.

जागतिक बँकेकडे असलेल्या महासाथ निधीतून भारताला पशुआरोग्य यंत्रणेसाठी अडीच कोटी डॉलर मंजूर झाले. पशूंतून माणसात उडी मारणारे रोग पाहता तो खर्च हवाच. त्याच वेळी गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीचा वार्षिक मुक्त निधी मात्र दहा हजार रुपये! साथ आल्यावर घरोघर जाणारी आशा आणि बाळाचे वजन घेणारी अंगणवाडी सेविका याच समितीच्या सदस्य. पुढच्या वाटाघाटींत दिल्लीने लसीच्या वाट्याइतक्याच हट्टाने गावपातळीवरच्या पोषणासाठी पैसा मागावा, आणि मुंबईने त्याची वाट न पाहता हे दहा हजार आधी वाढवावेत.